पेटीतले कार्ड आणि घराची पत



'महाजन' या एका शब्दाचे दोन अर्थ मराठी मुलखाच्या दोन टोकांना रूढ आहेत. गोव्याकडे महाजन म्हणजे देवस्थानाचा पिढीजात विश्वस्त. देवाचे उत्पन्न, देवाचा खर्च आणि देवाची ठेव यांचा हिशोब ज्याच्या नावावर राहतो तो महाजन होय. गोव्यातील देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज अमदानीत, १९३३ साली, जी नियमावली झाली, तिच्यातही महाजनांची नोंद आणि जमाखर्चाची शिस्त यांनाच मुख्य स्थान मिळाले. इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, पांढुर्णा आणि सौंसर या हिंदीच्या शेजारी वसलेल्या मराठी गावांत, महाजन या शब्दाचा दुसराच अर्थ कानी पडतो. तेथे महाजन म्हणजे कर्ज देणारा सावकार. एक अर्थ देवाच्या दारातला, तर दुसरा पेढीवरचा. तथापि दोहोंच्या मुळाशी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे पत. ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस आपले धन निश्चिंतपणे सोपवितो, तो महाजन.

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता लहान वाटेल. घरातील पेटीत, कपाटात अथवा देव्हाऱ्याखालच्या खणात पडून राहिलेले, वर्ष-वर्ष न वापरलेले क्रेडिट कार्ड घराच्या पतीवर काय परिणाम करते, एवढाच तो प्रश्न. परंतु मुलाच्या शिक्षणासाठी, मुलीच्या घरासाठी किंवा बागेतील नव्या विहिरीसाठी गृहस्थ बँकेच्या दारी जातो आणि "तुमचे सिबिल बसत नाही" असे उत्तर त्याच्या पदरी पडते, तेव्हा हा प्रश्न लहान राहत नाही. कोणाचे एका पैशाचेही देणे नसताना असे उत्तर ऐकावे लागले, तर ते मानी माणसाच्या मनाला विशेष लागते. म्हणून या नव्या खातेवहीची रीत प्रत्येक घराने समजून घेणे इष्ट आहे.

जुनी खातेवही

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे आज पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या हा मुलूख छिंदवाड्याशी आणि त्याआधी जुन्या मध्य प्रांताशी जोडलेला होता. व्यवहार मात्र सदैव नागपूरच्या बाजारपेठेशी राहिला. कापूस आणि संत्रा ही येथील मुख्य नगदी पिके, आणि दोहोंचा स्वभाव सारखाच: खर्च वर्षभर, उत्पन्न मात्र हंगामात. अशा मुलखात कर्ज हे संकटाचे नव्हे, तर शेतीच्या रहाटीचेच अंग होय.

त्या काळी पत मोजण्याचे साधन म्हणजे सावकाराची वही आणि गावाची आठवण. कोणी किती उचलले, केव्हा फेडले, कोणाच्या शब्दावर फेडले, हे सारे त्या वहीत असे. दोष इतकाच की ती वही कर्जदाराला पाहावयास मिळत नसे. आकडा वाढला तो कसा वाढला, हे विचारण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि हा दोष असह्य झाला. मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज-समेटाचा कायदा झाला आणि १९३४ साली सावकारीचा कायदा आला. या दुसऱ्या कायद्याने सावकारावर दोन साधी बंधने घातली. प्रत्येक कर्जदाराचे खाते वेगळे व नियमित ठेवावे, आणि त्याच्या देण्याचा सहीनिशी उतारा त्याला दरवर्षी द्यावा. सौंसरच्या शेतकऱ्याला आपल्या नावाचे पान पाहण्याचा हक्क कायद्याने दिला तो असा. हा हक्क ध्यानात ठेवावा, कारण त्याचेच आजचे रूप पुढे येणार आहे.

नवी खातेवही

अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबने उपाहारगृहांत चालणारे कार्ड काढले आणि रोख पैशावाचून खर्च करण्याची ही नवी रीत जगभर पसरू लागली. त्याच देशात १९५६ साली स्थापन झालेल्या फेअर आयझॅक या संस्थेने कर्जदाराचा इतिहास गणिताने मोजण्याचा उद्योग आरंभला, आणि १९८९ साली सर्वसाधारण वापराचा पतांक प्रचारात आणला. भारतात १९८० साली सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड काढले. तथापि देणेकऱ्यांची सामाईक वही भारतात निघण्यास २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी 'सिबिल' ही संस्था स्थापन झाली. पुढे २००५ साली पत-माहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संसदेने केला, आणि त्याखाली आज सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात. पहिल्या संस्थेचे नाव इतके रुळले की लोकांच्या तोंडी पतांकाचेच नाव 'सिबिल' झाले.

या कंपन्या स्वतः कोणाला कर्ज देत नाहीत, की नाकारीतही नाहीत. बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपापल्या खातेदारांचा मजकूर त्यांना पुरवितात. १ जानेवारी २०२५ पासून हा मजकूर निदान दर पंधरवड्यास पाठवावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला. त्या मजकुरावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा निघतो. आकडा जितका मोठा, तितका भरवसा अधिक. साधारणतः ७५० च्या वरचा आकडा बँका चांगला मानतात. परंतु अमुक आकड्याखाली कर्ज देऊच नये, असे रिझर्व्ह बँकेने कोठेही ठरविलेले नाही. किंबहुना पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे तिने बँकांना सांगितले आहे.

आकडा काढण्याचे नेमके गणित या कंपन्या जाहीर करीत नाहीत, परंतु त्यातील मुख्य घटक सर्वश्रुत आहेत. पहिला आणि सर्वांत वजनदार घटक म्हणजे देणे वेळेवर दिले की नाही. दुसरा, मिळालेल्या मर्यादेपैकी किती भाग वापरला. तिसरा, खाती किती जुनी आहेत. चौथा, कर्जे कोणकोणत्या प्रकारची आहेत. आणि पाचवा, अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले. न वापरलेले कार्ड या पाचांपैकी कोणकोणत्या घटकांना स्पर्श करते, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्नाचा उलगडा होतो.

निजलेले कार्ड काय करते

पहिली गोष्ट ही की न वापरणे हा स्वतः दोष नव्हे. कार्डावर काही देणे नसेल, तर त्या खात्यापुढे शून्य बाकी व शून्य थकबाकी अशी नोंद पडते. शून्याने कोणाची अब्रू जात नाही. तेव्हा "कार्ड वापरले नाही म्हणून सिबिल बिघडले" ही बाजारातील समजूत जशीच्या तशी खरी नाही.

उलट, निजलेले कार्ड पुष्कळदा मालकाच्या बाजूने उभे असते. सौंसरच्या एखाद्या किराणा दुकानदाराचे उदाहरण कल्पनेने घेता येईल. समजा, त्याच्याजवळ दोन कार्डे आहेत. एक २०१२ सालचे, मर्यादा एक लाख रुपयांची, जे तो वापरीत नाही. दुसरे २०२१ सालचे, मर्यादा पन्नास हजारांची, ज्यावर तो दरमहा चोवीस हजारांची खरेदी करतो आणि मुदतीत सारी रक्कम भरतो. दोन्ही कार्डांची मर्यादा मिळून दीड लाख होते, आणि चोवीस हजार म्हणजे तिचा १६ टक्के भाग. आता "वापरीत नाही ते हवे कशाला" म्हणून त्याने जुने कार्ड बंद केले. खर्च तितकाच राहिला, भरणाही तितकाच नियमित. परंतु मर्यादा उरली पन्नास हजारांची, आणि चोवीस हजार हा तिचा ४८ टक्के भाग झाला. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो ओलांडणारा माणूस ओढाताणीत असावा, असा अर्थ गणित काढते. दुकानदाराच्या व्यवहारात तिळभर फरक नसताना त्याच्या पतांकाला ओहोटी लागते, ती अशी.

दुसरा परिणाम वयाचा. जुने खाते म्हणजे जुना साक्षीदार. २०१२ पासून बिनतक्रार चाललेले खाते बंद झाले की, चालू खात्यांत २०२१ चे खातेच सर्वांत जुने ठरते. बंद खात्याची नोंद लगेच पुसली जात नाही हे खरे. पतविषयक माहिती निदान सात वर्षे जतन करावी, असा दंडक आहे. तरीही जिवंत साक्षीदार आणि कागदावरची साक्ष यांत अंतर राहतेच.

तिसरा परिणाम विरुद्ध दिशेचा आहे. एखाद्याची सर्वच कार्डे निजलेली असतील आणि दुसरे कोणतेही कर्ज नसेल, तर त्याच्या पतीविषयी बोलण्यास ताजा पुरावाच राहत नाही. मागील दोनेक वर्षांत कर्जाचा कोणताही व्यवहार नसलेल्या माणसाच्या अहवालात आकड्याऐवजी 'इतिहास नाही' अशा अर्थाची खूण येऊ शकते. ती खूण वाईट नव्हे, परंतु उपयोगाचीही नव्हे. गावात नाव असलेला, कोणाचे देणे न ठेवणारा सद्गृहस्थ बँकेच्या यंत्रापुढे अनोळखी ठरतो तो याच कारणाने. जुन्या वहीला गावाची आठवण जोडलेली होती. नव्या वहीला जे लिहिले आहे तेवढेच दिसते.

पाचशे नव्वद रुपयांची गोष्ट

निजलेल्या कार्डाचा खरा धोका निराळाच आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. पुष्कळ कार्डांना वार्षिक शुल्क असते. पहिल्या वर्षी ते माफ असते आणि दुसऱ्या वर्षापासून लागू होते, असेही घडते. समजा, शुल्क पाचशे रुपये आहे. त्यावर अठरा टक्के वस्तू-सेवा कर धरून पाचशे नव्वद रुपयांचे बिल निघाले. कार्ड पेटीत आहे, बिल जुन्या पत्त्यावर अथवा बंद पडलेल्या मोबाइल क्रमांकावर गेले आहे, आणि घरात कोणाला त्याची वार्ताही नाही. मुदत टळते. विलंबशुल्क लागते, त्यावर कर लागतो, मग व्याज धावू लागते, आणि बहुतेक कार्डांवर ते दरमहा तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच ती थकबाकी म्हणून कळविता येते. परंतु ज्याला बिलाची खबरच नाही, त्याला तीन दिवसांची सवलत काय कामाची? पुढे किमान देय रक्कमही नव्वद दिवस भरली गेली नाही की खाते अनुत्पादित म्हणून गणले जाते. पत-अहवालात मागील छत्तीस महिन्यांचा भरणा महिन्यागणिक नोंदलेला असतो, आणि प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस थकले हा आकडा असतो. थकलेली रक्कम पाचशे नव्वद असो की पन्नास हजार, दिवसांचा आकडा दोहोंपुढे सारखाच दिसतो. वीस वर्षांच्या प्रामाणिक व्यवहाराला एका विसरलेल्या शुल्काने डाग लागू शकतो.

याखेरीज फसवणुकीचेही भय आहे. जे कार्ड कोणी पाहत नाही, त्यावर परक्याने केलेला खर्चही कोणी पाहत नाही. म्हणून कार्ड वापरीत नसले तरी त्याचे मासिक बिल पाहणे आणि पत्ता, मोबाइल क्रमांक अद्ययावत ठेवणे हे गृहस्थाचे कर्तव्य होय.

नियम काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांतील काही कलमे या विषयाशी थेट निगडित आहेत. एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले गेले नाही, तर कार्ड देणाऱ्या संस्थेने धारकास कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी. धारकाकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर सर्व देणी चुकती झालेली असल्यास खाते बंद करावे, आणि बंद झाल्याची खबर तीस दिवसांत पत-माहिती कंपन्यांना द्यावी.

या कलमात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक ही की जुने व उपयुक्त कार्ड धारकाच्या मौनामुळेच बंद होऊ शकते, आणि वर सांगितलेले मर्यादेचे व वयाचे नुकसान न मागता पदरी येते. दुसरी ही की शुल्काची बाकी राहिलेले कार्ड असे आपोआप बंद होत नाही. ते थकबाकीसह तसेच उभे राहते. म्हणजे चांगले खाते मिटते आणि डागाळलेले टिकते, असा विपरीत प्रकार केवळ दुर्लक्षाने घडतो.

त्याच निर्देशांत धारकाच्या बाजूचीही कलमे आहेत. न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. मिळालेले कार्ड तीस दिवसांत सुरू केले नाही, तर संस्थेने धारकाची संमती मागावी, आणि ती न मिळाल्यास सात कामकाजाच्या दिवसांत, कोणताही खर्च न लावता, ते खाते बंद करावे. कार्ड सुरू होण्यापूर्वी त्याची कोणतीही नोंद पत-माहिती कंपन्यांकडे पाठवू नये. धारकाने स्वतः बंद करण्यास सांगितले आणि काही देणे नसले, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. पुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबापोटी संस्थेने धारकास पाचशे रुपये द्यावेत, असाही दंड आहे. बँकेतील कर्मचाऱ्याच्या भिडेखातर घेतलेल्या आणि लिफाफ्यातून न काढलेल्या कार्डांच्या बाबतीत ही कलमे पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखी आहेत.

बागेचे वर्ष आणि कार्डाचा महिना

"कार्ड अधूनमधून वापरावे" असा सल्ला शहरात सर्रास दिला जातो, आणि पगारदार माणसाला तो लागूही पडतो. परंतु पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदाराला तो तसाच सांगणे उचित नव्हे. पगार महिन्याला येतो आणि कार्डाचे बिलही महिन्याला येते, म्हणून दोहोंचे जमते. बागेचे पंचांग निराळे आहे. झाडांना ताण द्यावा, मग पाणी सोडावे, जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटावा, आणि त्याचे फळ दिवाळीच्या सुमारास हाती यावे. मृगाचा बहार पावसाळ्याच्या आरंभी फुटावा आणि त्याचे फळ पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून निघावे. मधल्या महिन्यांत खत, औषध, मजुरी आणि पाणी यांचा खर्च अखंड चालू, आणि आवक शून्य. बहार गळाला अथवा गारपीट झाली, तर आवकीचा भरवसाही नाही. या मधल्या महिन्यांत खताचे पैसे क्रेडिट कार्डावर टाकून "संत्रा निघाला की भरू" असे म्हणणारा बागायतदार दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजात अडकतो. वर्षाला हा दर चाळीस टक्क्यांच्या वर जातो. जुन्या सावकारालाही संकोच वाटावा, असा तो दर आहे.

शेतीच्या खर्चासाठी जे कार्ड आहे ते निराळे, म्हणजे १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड. त्याच्या फेडीची मुदत पिकाच्या काढणीशी व विक्रीशी जोडलेली असते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सात टक्के व्याज, आणि वेळेवर फेडणाऱ्यास सवलत धरून चार टक्के, ही योजना केंद्र सरकारने २०२५-२६ या वर्षीही चालू ठेवली. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये, असा नियमही झाला. किसान कार्डाच्या खात्याची नोंदही पत-अहवालात पडते, हे मात्र पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक नसते. कर्जमाफी होईल या आशेने ते थकवत ठेवणारा शेतकरी मुलाच्या शिक्षणकर्जाच्या वेळी सहकर्जदार म्हणून उभा राहतो, तेव्हा त्या थकबाकीची सावली मुलाच्या वाटेवर पडते.

तात्पर्य, बागायतदाराने शेतीसाठी किसान कार्ड आणि केवळ घरखर्चातील ठराविक, रोख हाती असलेल्या बाबींसाठी क्रेडिट कार्ड, असा भेद पाळावा. निजलेल्या कार्डाला जागे ठेवण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. काही महिन्यांतून एकदा विजेचे बिल अथवा मोबाइलचा आकार त्यावर भरावा आणि आठवड्याच्या आत ती रक्कम पूर्ण चुकती करावी, एवढे पुरेसे आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड युपीआयशी जोडता येते. त्यामुळे सौंसरच्या बाजारातील लहान दुकानातही शंभर-दोनशे रुपयांची खरेदी त्यावर होऊ शकते. कार्ड जागे ठेवावे. त्याच्या आधीन होऊ नये.

घरातील इतर माणसे

पत हा शब्द घराण्याला लावण्याची रीत जुनी आहे. नवी वही मात्र घराणे ओळखत नाही, ती एकेक माणूस ओळखते. याचा परिणाम विशेषतः स्त्रियांवर होतो. पतीच्या कार्डाला जोडून पत्नीला जे पुरवणी कार्ड मिळते, त्याचे देणे पतीच्या नावावर राहते. केवळ असेच कार्ड असलेल्या स्त्रीचा स्वतःचा पतांक बनत नाही. वर्षानुवर्षे घरखर्च काटेकोरपणे चालविणारी गृहिणी, पतीच्या पश्चात शिवणयंत्रासाठी अथवा दुकानासाठी कर्ज मागावयास गेली, की तिच्या नावापुढे कोरे पान निघते. तेव्हा ज्या घरांत दोन-तीन कार्डे पेटीत पडून आहेत, त्या घरांनी त्यांऐवजी गृहिणीच्या स्वतःच्या नावे एखादे लहान खाते, मग ते ठेवीवर आधारलेले कार्ड का असेना, उघडून देण्याचा विचार करावा. ठेव बँकेत सुरक्षित राहते, मर्यादा तिच्या प्रमाणात मिळते, आणि तिच्या नावाचे पान भरू लागते.

जामिनकीचीही गोष्ट अशीच. महाजन कुटुंबांत शब्दाखातर जामीन राहण्याची परंपरा आहे, आणि ती भूषणावहही आहे. परंतु जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसते, आणि मूळ कर्जदाराने थकविले तर त्याची झळ जामीनदाराच्या पतीलाही लागते. तेव्हा जामीन राहिलेल्या माणसाने कर्जाचे हप्ते भरले जातात की नाही, याची विचारपूस वेळोवेळी करावी. ही विचारपूस म्हणजे अविश्वास नव्हे, ती दिलेल्या शब्दाची राखण आहे.

घरातील वडीलधारा माणूस निवर्तल्यावर त्याची बँकखाती व जमीन यांचे कागद निघतात, परंतु कार्डाची आठवण कोणाला होत नाही. ते कार्ड कळवून बंद करून घेणे आणि तोवर कोणीही न वापरणे, हेही उत्तरकार्याइतकेच निगुतीने व्हावे.

कोणते ठेवावे, कोणते बंद करावे

सर्व कार्डे ठेवावीत असे नाही, आणि सर्व बंद करावीत असेही नाही. सर्वांत जुने, मोठ्या मर्यादेचे आणि वार्षिक शुल्क नसलेले कार्ड ठेवावे. शुल्क भारी असलेले, अलीकडचे, कमी मर्यादेचे कार्ड बंद करण्यास हरकत नाही. ज्या कार्डामुळे हात सैल सुटतो, ते जुने असले तरी बंद करणेच श्रेयस्कर, कारण थोडा कमी झालेला आकडा पुन्हा भरून येतो, पण वाढलेले देणे सहजी उतरत नाही. घरकर्जासारखा मोठा अर्ज करावयाचा असेल, तर त्याच्या आधीच्या काही महिन्यांत कार्डे बंद करण्याची घाई करू नये. नवी कार्डेही घेऊ नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी वहीत नोंदली जाते.

बंद करताना आधी सर्व बाकी, शुल्क व कर चुकते करावेत. त्या कार्डावर कोणते ठराविक बिल लावून ठेवलेले आहे काय, ते पाहावे. मग लेखी विनंती करावी, खाते बंद झाल्याचा दाखला मागून घ्यावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अहवालात 'बंद' अशी नोंद पडली की नाही याची खात्री करावी. कार्ड कात्रीने कापल्याने खाते बंद होत नाही, हेही सांगणे अवश्य आहे. पुष्कळ घरांत तीच समजूत आहे.

आपल्या नावाचे पान

१९३४ च्या कायद्याने कर्जदारास दरवर्षी हिशोबाचा उतारा मिळण्याचा जो हक्क दिला, त्याचेच नवे रूप आज उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने २०१७ पासून चारही पत-माहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीने दर माणसास वर्षातून एकदा त्याचा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. म्हणजे तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीकडून मागितला, तर वर्षभर पहारा राहतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने पतांक कमी होत नाही. दलालाला पैसे देऊन "सिबिल सुधारून" घेण्याचे कारणच नाही, कारण खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घेण्यास पैसे पडत नाहीत.

अहवालात चुकीची नोंद आढळली, तर कार्ड देणाऱ्या संस्थेकडे अथवा पत-माहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आला. तेवढ्यानेही भागले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पत-माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

देवस्थानाचा जमाखर्च ज्या निष्ठेने दरसाल महाजनांपुढे वाचला जातो, त्याच निष्ठेने प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक दिवस आपल्या घरातील कार्डे, कर्जे, जामिनक्या आणि अहवाल एकत्र मांडून पाहावेत. पाडव्याचा दिवस त्यास उत्तम. मुलांना शेजारी बसवावे, म्हणजे त्यांनाही घराचे देणे-घेणे कळेल.

पतांक म्हणजे पत नव्हे. तो पतीचा एक उतारा आहे, आणि उताऱ्यात चूक असू शकते. दिलेला शब्द पाळणे, घेतलेले फेडणे आणि न झेपणारे न घेणे, हे पतीचे मूळ महाजनांच्या घरांत आधीपासूनच आहे. त्या मुळाला शोभेल असा उतारा निघावा, एवढ्यासाठी पेटी उघडून ते विसरलेले कार्ड एकदा हाती घ्यावे, त्याचे बिल पाहावे, आणि ठेवावयाचे की बंद करावयाचे हा निर्णय जाणूनबुजून करावा. निर्णय कोणताही असो, तो विस्मरणाने होऊ नये, एवढीच विनंती.